खडा आणि खिडकी

घर पाठीवर घेऊन हिंडावे ते गोगलगायीने, नाहीतर सर्कसवाल्यांनी, अशी माझी आजवरची समजूत. ती मोडली २०१८ च्या जूनमध्ये, कॅनडातल्या एडमंटन शहरी, लेकीच्या दारात. दारात मोटार उभी होती आणि मोटारीच्या मागे, डोंबिवलीतल्या आमच्या पहिल्या बिऱ्हाडाएवढी एक पांढरी खोली चाकांवर उभी होती. तिला दार होते, ओटा होता, गॅसची शेगडी होती, मोरी होती, आणि भिंतीतून खाली पडणारे एक टेबलही होते.

‘ट्रेलर!’ जावईबापू अभिमानाने म्हणाले. ‘जुनाच घेतला. पण बाबा, यातून आपण थेट युकॉनपर्यंत जाणार.’

सौ. ने आत डोकावून पाहिले, शेगडी पेटवून पाहिली आणि ‘पोळपाट ठेवायला जागा नाही’ एवढाच अभिप्राय देऊन ती बाहेर आली. माझ्या सात वर्षांच्या नातीने मात्र पहिल्या पाच मिनिटांतच आपली जागा धरली होती. या घराची सर्वांत मोठी खिडकी समोरच्या भिंतीला, म्हणजे ओढणाऱ्या मोटारीच्या बाजूला होती. खिडकीखाली आडवा बाक. रात्री त्याचाच बिछाना होई. त्या बाकावर तिने आपली गोधडी नेऊन टाकली. ही गोधडी आमच्या सौ. ने तिच्या जन्माच्या वेळी स्वतःच्या आईच्या लुगड्यांची शिवली होती आणि विमानाने तिकडे धाडली होती. पोरगी तिच्यावाचून झोपत नसे.

आता या खिडकीचीच गोष्ट मला सांगायची आहे. युकॉनची वर्णने आमच्यापेक्षा चांगल्या लेखण्यांनी केलेली आहेत.

जावईबापूंनी निघण्यापूर्वीचा सबंध आठवडा त्या एका खिडकीपायी घालवला. पेशाने ते संगणकवाले. पण रोज संध्याकाळी कामावरून आले की अंगात जुना शर्ट चढवून मोटारीच्या मागे आडवे पडत. मागच्या चाकांना त्यांनी रुंद मडफ्लॅप लावले. आपल्याकडे मालमोटारींच्या चाकांमागे रबराच्या पट्ट्या लोंबत असतात, त्याच या. मग मोटारीच्या मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबेल असा जाड रबराचा एक पडदा टांगला. ट्रेलरच्या नाकाशी गॅसच्या टाक्या असतात, त्यांच्याभोवती फेस लावून ठेवला. आणि शेवटी खिडकीवरची झडप उतरवून, बिजागऱ्यांना तेल देऊन पुन्हा बसवली.

झडप फायबरग्लासची, पांढरी, खिडकीहून चार बोटे मोठी. वर बिजागऱ्या, खाली दोन खिट्ट्या. रस्त्याला लागताना ती खिडकीवर पालथी घालून खिट्ट्या लावायच्या, मुक्कामाला पोचलो की उचलून दोन दांड्यांवर टेकवायची. मग तीच पडवीसारखी पुढे येऊन खिडकीला सावली देते. युक्ती मला आवडली. परंतु एका खिडकीसाठी एवढा खटाटोप पाहून मला राहवले नाही.

‘जावईबापू,’ मी म्हटले, ‘पस्तीस वर्षे मी लोकलच्या खिडकीतून पारसिकची खाडी पाहिली. कोणी दगड मारील म्हणून खिडक्यांना जाळी ठोकतात, आणि माणसाला अख्खी खाडी चौकोनाचौकोनाने पाहावी लागते. तुम्ही एवढे हजारो मैलांवर येऊनही जाळीच ठोकणार?’

‘बाबा, इथे दगड कोणी मारत नाही,’ ते हसून म्हणाले. ‘इथे आपणच आपल्याला मारतो.’

याचा उलगडा त्यांनी रात्री जेवणाच्या टेबलावर केला. मोटारीच्या मागच्या चाकाखाली खडा सापडला की तो उडतो. एरवी त्याची आपल्याला फिकीर नसते, तो मागच्याच्या नशिबी जातो. पण ट्रेलर ओढताना मागचा म्हणजे आपलेच घर! खडा उडून हवेत क्षणभर जवळजवळ जागच्या जागी असतो आणि ट्रेलर त्याच्यावर जाऊन आदळतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तेव्हा खड्याने खिडकीला मारले असे म्हणण्यापेक्षा खिडकीनेच खड्याला धडक दिली म्हणावे. शिवाय मोटार आणि ट्रेलर यांच्यात अंतर असते दोन-चार पावलांचे. ‘सुरक्षित अंतर ठेवा’ हे आपल्या मालमोटारींच्या पाठीवरचे सुभाषित इथे पाळायचे तरी कसे? दोघांना दांड्यानेच जोडलेले!

‘पण रस्ते तर तुमचे गुळगुळीत,’ सौ. म्हणाली.

‘तो रस्ता वेगळा आहे, आई.’

तो रस्ता म्हणजे अलास्का हायवे. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्काला जमिनीवरून जायला रस्ताच नाही याची अमेरिकेला एकाएकी जाणीव झाली. १९४२ च्या मार्चमध्ये दहा हजारांवर सैनिक अरण्यात उतरले (त्यांतले सुमारे एक-तृतीयांश कृष्णवर्णीय होते) आणि दलदल, डास व हिमनद्यांचे ओढे यांच्याशी झगडत त्यांनी आठ-नऊ महिन्यांत सुमारे २,७०० किलोमीटरचा कच्चा रस्ता काढला. आमच्या गल्लीतल्या गटाराला यापेक्षा अधिक वेळ लागला होता. १९४८ मध्ये तो सामान्य प्रवाशांना खुला झाला. पुढे वळणे काढून त्याची लांबी कमी झाली, डांबरही पडले. पण हिवाळ्यात तिथली जमीन गोठते, उन्हाळ्यात सुटते, आणि रस्ता वाळत घातलेल्या पापडासारखा वर-खाली होतो. म्हणून दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे डागडुजी चाललेली असते. डागडुजी म्हणजे तीच, आपल्या ओळखीची: पातळ डांबर ओतायचे, वर बारीक खडी पसरायची, आणि ती दाबून बसवायचे काम बरेचसे येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर सोपवायचे. कोकणात जाणाऱ्याला ही पद्धत नवीन नाही.

एडमंटनहून डॉसन क्रीकपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर काही घडले नाही. डॉसन क्रीकला रस्त्याचा शून्य मैल आहे. तिथे खांबाला टेकून सर्वांनी फोटो काढले. पुढे फोर्ट नेल्सनपर्यंत झाडे, झाडे आणि झाडे. झाडांची इतकी मिजास मी कधी पाहिली नव्हती. फोर्ट नेल्सन सोडल्यावर डोंगर सुरू झाले. त्यांतल्या एका डोंगराचे नावच स्टोन माउंटन! जावईबापूंनी ते वाचून माझ्याकडे सहेतुक पाहिले. त्यापुढे मंचो सरोवर लागते. त्याचे पाणी असे हिरवे की सौ. ने ‘कोणी रंग टाकलाय का?’ म्हणून विचारले. रस्त्याच्या कडेला रानमेंढ्या मातीतले क्षार चाटत उभ्या होत्या आणि मोटारी त्यांच्यासाठी निमूट थांबत होत्या.

या सबंध वाटेत सकाळ-संध्याकाळ झडपेचे काम माझ्याकडे होते. जावईबापूंकडे जोडणी, चाके, दिवे, लेकीकडे स्वयंपाकाची आवराआवर, सौ. कडे ‘काही राहिले नाही ना’ हे म्हणणे; माझ्याकडे झडप. संध्याकाळी मी ती उचलून दांड्यांवर टेकवीत असे, आणि ती उचलली जाण्याच्या आधीच नात आत बाकावर गुडघे टेकून बसलेली असे. झडप वर जाई तसतसे तिचे कपाळ, डोळे, मग पडलेले दोन दात दिसू लागत. रात्री दहा-अकरा वाजेपर्यंत उजेड. ती गोधडी अंगाभोवती घेऊन त्या खिडकीतून झाडे, कावळे, शेजारच्या तंबूतले कुत्रे यांची मोजदाद करी. सकाळी मी झडप लावली की ‘आजोबा, रात्र झाली!’ म्हणून ओरडे. रोज निघताना जावईबापू मोटारीतून हाक मारीत, ‘बाबा, खिट्ट्या?’ आणि मी म्हणे, ‘दोन्ही!’

चौथ्या दिवशी आम्ही लियार्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्काम केला. अरण्यात लाकडी फळ्यांची पायवाट, तिच्या टोकाला वाफाळणारे कुंड. वज्रेश्वरीची आठवण झाली. फक्त नारळवाले नव्हते. रात्री सगळ्यांना गाढ झोप लागली आणि त्यामुळे सकाळी उशीर झाला. मी झडप पाडली, उजवीकडची खिट्टी लावली, आणि डावीकडे वळतो तोच नात ओरडली, ‘आजोबा, गवा! गवा!’

गवा नव्हता तो, बायसन होता. पण गव्याचाच थोरला भाऊ शोभेल असा. चांगला वशिंडवाला, दाढीवाला, केसांची झूल अंगावरून गळत असलेला. रस्त्याच्या कडेच्या गवतात तो उभा होता, आणि त्याच्या मागे आणखी दहा-बारा. आम्ही सगळे मोटारीत शिरून काचा लावून त्यांच्याकडे पाहत बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग मोटार सुरू झाली आणि नेहमीची हाक आली, ‘बाबा, खिट्ट्या?’

‘दोन्ही,’ मी म्हटले.

खोटे बोलायचे म्हणून बोललो नाही. रोज म्हणतो तसे तोंडातून गेले. वाटेवर अर्ध्या तासाने मला त्या डाव्या खिट्टीची आठवण झाली. लावली होती का? लावली असेल. एवढ्यासाठी भर रस्त्यात गाडी थांबवायला लावायची, म्हणजे आधी चूक कबूल करायची. आणि एक खिट्टी तर घट्ट आहे ना! मी काही बोललो नाही. हे वाक्य लिहायला मला आजही बरे वाटत नाही.

पुढे दुरुस्तीचा टप्पा लागला. झेंडा घेतलेल्या बाईने थांबवले, मग सोडले. ताज्या खडीवरून आम्ही बेताने चाललो होतो. समोरून एक प्रचंड मालमोटार आली आणि वाऱ्याचा असा लोंढा आला की आमचे घर डोलले. त्याच वेळी मागे काहीतरी फडफडल्यासारखे वाटले. जावईबापू म्हणाले, ‘रबराचा पडदा असेल.’ मी गप्प.

वॉटसन लेकला, म्हणजे लियार्डपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, आम्ही उतरलो तेव्हा झडप एका बिजागरीवर लोंबत होती. मधोमध चिरलेली. आणि खिडकी नव्हती. चौकट होती, काच नव्हती.

दार उघडले तर बाकावर, गोधडीवर, जमिनीवर, शेगडीच्या फटीत, सगळीकडे खडीसाखर सांडल्यासारखे काचेचे दाणे. धारदार कपची एकही नाही. सारे कसे एकसारखे, वाटाण्याएवढे. या काचेची ही तऱ्हाच असते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. बाहेरचे अंग आधी आवळते, आतले मागाहून आवळायला पाहते, आणि त्या ओढाताणीतून काचेला बळ येते. तळहाताने थोपटा, गुद्दा मारा, सोसते. पण टोकदार खड्याने वरचे कातडे भेदले की आतला सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि सबंध काचेचा भुगा होतो. मोटारीच्या पुढच्या काचेचे तसे नाही. ती दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा घालून केलेली असते. १९०३ मध्ये बेनेडिक्टस नावाच्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून चंचुपात्र पडले, फुटले, पण विखुरले नाही, कारण आत वाळलेल्या एका द्रावणाचा थर होता. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. तिला खडा लागला की कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा जातो आणि काच जागच्या जागी राहते. ट्रेलरच्या खिडकीला ती चैन नाही.

चालत्या ट्रेलरमध्ये माणसांना बसू देत नाहीत, म्हणून आत कोणी नव्हते. असते तर, हा विचार लेकीच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. नात दारात उभी राहून गोधडीकडे पाहत होती. रडली नाही. ‘आता ही टोचेल का?’ एवढेच तिने विचारले.

जावईबापू चाकावर हात ठेवून उकिडवे बसले. ‘चूक माझी,’ ते म्हणाले. ‘जुन्या खिट्ट्या बदलायला हव्या होत्या. कंजूषपणा केला.’

वाचकहो, त्या वेळी बोलायचे! पण मी गोधडीची दोन टोके धरली, सौ. ने दोन धरली, आणि आम्ही ती झाडीत बसलो. दाणे खळखळ खाली पडत होते आणि मी वर पाहत नव्हतो.

शेजारच्या जागेत एक म्हातारे कॅनेडियन जोडपे मुक्कामाला होते. त्यांनी आमची दशा पाहून न बोलावता कॉफीचा थर्मास आणि झाडू आणला. म्हातारबुवा या रस्त्याने तरुणपणापासून ये-जा करणारे. पूर्वी हा रस्ता मातीचा असताना लोक काय काय करीत ते त्यांनी सांगितले. दिव्यांवर प्लास्टिकच्या टोप्या, मोटारीच्या नाकावर तारेची जाळी, आणि ट्रेलरच्या तोंडाला चक्क जुना गालिचा बांधायचा! ‘आणि तुमचे नशीब चांगले,’ ते म्हणाले, ‘की खडा आतच राहिला.’ कारण तो ट्रेलरच्या नाकावर किंवा गॅसच्या टाकीवर आपटून उलटही फिरतो आणि मोटारीची मागची काच फोडतो. ती काचही याच जातीची, तिचाही भुगाच व्हायचा. मागच्या आसनावर कोण बसले होते ते मी सांगायला नको. गॅसच्या टाक्यांना जावईबापू फेस का लावत होते ते मला तेव्हा कळले. मी त्याला ‘टाक्यांना स्वेटर’ म्हणून हसलो होतो.

त्या संध्याकाळी, उजेड मावळायची वाट पाहिली तर ती कधीच आली नसती म्हणून भर उजेडातच, मी जावईबापूंना बाजूला घेतले.

‘डावी खिट्टी मी लावली नव्हती,’ मी म्हटले. ‘आणि वाटेत आठवले होते.’

ते काही वेळ बोलले नाहीत. पहिल्या वाक्याने नव्हे, दुसऱ्याने ते दुखावले हे मला कळले. मग त्यांनी विचारले, ‘थांबवायला का सांगितले नाही, बाबा?’

‘लाज वाटली.’

‘मी रागावलो असतो असे वाटले?’

‘तुम्ही रागावला नसता. म्हणूनच.’

यावर त्यांनी मान हलवली आणि ते लाकडाचे दुकान शोधायला निघाले. ‘येता का?’ म्हणून विचारले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

प्लायवुडचा तुकडा कापून आणला, कडेने रबर लावून सहा स्क्रूंनी चौकटीवर बसवला. घर आंधळे झाले, पण पावसापुरते भागले. पुढे एडमंटनला परतल्यावर नवी काच आली आणि तिच्यावर पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक आवरण. त्याच्या खरेदीत मी जातीने लक्ष घातले. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्या असतात ते अ‍ॅक्रिलिक अधिक नितळ दिसते, त्यावर ओरखडेही कमी उठतात. पण खडा बसला तर ते तडकते. पॉलिकार्बोनेट तडकत नाही. मात्र ते लवकर ओरखडते, आणि उन्हापासून बचावाचा थर नसेल तर काही वर्षांत पिवळे पडते. काचेला ते चिकटवायचे नाही, मध्ये बोटभर पोकळी ठेवायची, म्हणजे खड्याचा धक्का काचेपर्यंत जात नाही. स्क्रूंची भोके थोडी ऐसपैस पाडायची, कारण प्लास्टिक उन्हाने वाढते. आणि अमोनियाच्या पाण्याने ते पुसायचे नाही. एवढे केले की चालतानाही खिडकी उघडी राहते, झडपेचा प्रश्नच उरत नाही. जाळीबद्दलची माझी तक्रारही आपोआप निकालात निघाली.

पण ते नंतरचे. दुसऱ्या दिवशी वॉटसन लेकला नातीने फुटकी झडप टाकू दिली नाही. त्या गावात पाट्यांचे एक अरण्य आहे. १९४२ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना कार्ल लिंडली नावाच्या एका सैनिकाला घराची आठवण झाली आणि त्याने आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी तिथे ठोकली. मागून येणाऱ्यांनी आपापल्या गावांच्या ठोकल्या. आता ८०,००० हून अधिक पाट्या खांबाखांबांवर आहेत. मोटारींचे नंबर, रस्त्यांची नावे, थाळ्या, चपला, काय वाटेल ते! एखाद्या जत्रेत सगळ्या जगाची पोस्ट ऑफिसे एकत्र भरावीत तसे. नातीने झडपेचा मोठा तुकडा घेतला, काळ्या रंगाने त्यावर आईच्या मदतीने देवनागरीत ‘डोंबिवली’ लिहिले. ‘किती किलोमीटर लिहू?’ तिने विचारले. सौ. म्हणाली, ‘लांब लिही.’ तेव्हा ‘डोंबिवली – खूप लांब’ अशी पाटी आम्ही एका खांबाला ठोकली. जर्मनीतल्या कुठल्याशा गावाच्या आणि टेक्ससच्या एका मोटारनंबराच्या मध्ये.

गोधडी तीनदा झटकून आणि एकदा धुऊन झाली होती. तरी टाक्यांत एखादा दाणा लागेच. रात्री सौ. ने ती मांडीवर घेऊन बोटांनी इंचाइंचाने चाचपली, लहानपणी माझ्या लेकीच्या केसांतून हात फिरवायची तशी. शेवटी सापडलेला एक दाणा नातीने आपल्या पेन्सिलींच्या डबीत ठेवला.

सकाळी निघताना मी मुद्दाम दूर, मोटारीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. कामाची वाटणी बदलली असेल असे मी गृहीत धरले होते. जावईबापूंनी जोडणी पाहिली, चाके पाहिली, दिवे लावून पाहिले. मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

‘बाबा, सहा आहेत,’ ते म्हणाले.

मी सहाही आवळले. पुन्हा पहिल्यापासून आवळले. मग मोटारीत येऊन बसलो, आणि हाक येण्याची वाट न पाहता म्हणालो, ‘सहाही.’